हसू शब्दावर असावे, माणसावर नव्हे

(मराठी भाषेची चर्चा आणि तिची शिस्त या विषयावर येवला येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाषा हा असा विषय आहे की त्यावर बोलण्याचा अधिकार कोणाकडून मागून घ्यावा लागत नाही. औषधाविषयी वैद्य बोलतो, कायद्याविषयी वकील बोलतो. पण 'हा शब्द बरोबर की चूक' असा प्रश्न निघाला की आजोबांपासून नातवापर्यंत घरातील प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते. हे भाषेचे भाग्यच म्हटले पाहिजे. ज्या भाषेच्या शब्दांवरून घरात वाद होत नाही, त्या भाषेविषयी घराला फारशी आस्था उरलेली नाही असे खुशाल समजावे.

मात्र या चर्चेची एक ठरलेली वाट असते. पहिली पाच मिनिटे शब्दाविषयी बोलणे होते. मग कोणी एक कोटी करतो, सारे हसतात. त्यावर दुसरा कोटी करतो. तिसऱ्याला एक किस्सा आठवतो. चौथा त्या किश्शातील गावाविषयी बोलू लागतो आणि मूळ शब्द बिचारा दाराबाहेर तिष्ठत राहतो. मग बैठकीतील एखादे ज्येष्ठ गृहस्थ रागावून म्हणतात, "विषय गंभीर आहे, थट्टा पुरे." त्यानंतर जी शांतता पसरते, तीत विषयही निघत नाही आणि हसूही येत नाही.

यावरून अनेकांचा असा समज होतो की विनोद आणि विषयनिष्ठा यांचे हाडवैर आहे. एकाला घरात घ्यावे तर दुसरी बाहेर पडते. हा समज आपल्या परंपरेला धरून नाही. विनोद करावा की करू नये हा प्रश्नच नव्हे. विनोद कशावर करावा, हा खरा प्रश्न आहे. शब्दाला चिकटून राहिलेला विनोद चर्चा पुढे नेतो. शब्दाला सोडून गेलेला विनोद कोठे तरी जाऊन पडणारच, आणि बहुधा तो समोरच्या माणसावर पडतो. आजच्या विवेचनाचा सारा भर या एका गोष्टीवर आहे.

सारथी आणि वैयाकरण

पतंजलींचे व्याकरण महाभाष्य हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रंथ. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी तो मराठीत आणला. व्याकरणाचा एवढा मोठा ग्रंथ म्हणजे रुक्षतेचा डोंगर असेल, अशी समजूत असणाऱ्यांनी त्यातील एक प्रसंग अवश्य पाहावा.

एक वैयाकरण एका रथाजवळ येतो आणि विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? रथ हाकणारा पुढे येऊन सांगतो की आपण या रथाचे 'प्राजिता' आहोत. वैयाकरणाच्या कपाळाला आठी पडते. हाकणे या अर्थाचा 'अज्' धातू, त्याच्या जागी नियमाने 'वी' यावा आणि 'प्रवेता' असेच रूप व्हावे, असे त्याचे शास्त्र. तो लगेच निकाल देतो की 'प्राजिता' हा अपशब्द आहे. सारथी नम्रपणे उत्तरतो की महाराजांना नियम कोठे लागू होतो ते ठाऊक आहे, पण जाणत्यांना कोणते रूप इष्ट आहे ते ठाऊक नाही. 'प्राजिता' हे रूप इष्टच आहे.

वैयाकरण चिडतो. रथ हाकणाऱ्याने व्याकरण शिकवावे, हे त्याला सोसवत नाही. वाद रूपाविषयीचा होता, तो आता माणसावर येतो. या 'दुरुता'ने भलताच उपद्रव मांडला आहे, असे तो म्हणतो. हा शब्द त्याने शिवी म्हणून तिथल्या तिथे घडवलेला आहे. 'सूत' म्हणजे सारथी. या 'सूत' शब्दात 'सु' म्हणजे चांगला आणि 'उत' म्हणजे विणलेला असे दोन भाग आहेत, अशी त्याची समजूत. मग चांगल्याच्या जागी वाईट घातला की झाला 'दुरुत'.

यावर सारथ्याने काय करावे? तो रागावला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु तो शांतपणे सांगतो की 'सूत' हा शब्द विणणे या अर्थाच्या धातूपासून आलेला नाही. प्रेरणा देणे, हाकणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. तेव्हा निंदाच करायची असेल तर 'दुःसूत' म्हणावे, ते तरी व्याकरणशुद्ध होईल!

विणकरांच्या या गावात 'सूत' या शब्दाची ही गंमत अधिकच रंगावी. वैयाकरणाने सारथ्याला चुकून मागावर बसवले आणि सारथ्याने त्याला पुन्हा रथाकडे आणले. यातील खरा धडा पाहण्यासारखा आहे. विषय प्रथम सोडला तो पंडिताने. सारथ्याने मात्र स्वतःवर आलेली शिवीही उचलली आणि विषयाच्या ताटात वाढली. त्याचा विनोद बोचरा आहे, पण त्यातील प्रत्येक शब्द व्याकरणाविषयीच आहे. हसू काढून टाकले तरी युक्तिवाद शिल्लक राहतो. आणि हा प्रसंग नोंदवणारे पतंजली हे स्वतः वैयाकरण होते. आपल्याच व्यवसायबंधूची फजिती त्यांनी शिष्यांना शिकवण्यासाठी जपून ठेवली, हे विशेष.

पूर्वसूरींनी आखलेली मर्यादा

वादाची शिस्त हा विषय आपल्याकडे न्यायशास्त्राने फार बारकाईने हाताळला आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी जो चालतो तो 'वाद'. केवळ जिंकण्यासाठी जो चालतो तो 'जल्प'. आणि स्वतःचे कोणतेही म्हणणे न मांडता दुसऱ्याचे म्हणणे मोडून काढण्यासाठीच जी चालते ती 'वितंडा'. मराठीत 'वितंडवाद' हा शब्द तेथूनच आला.

याच शास्त्रात 'छल' नावाचा एक दोष सांगितला आहे. त्याचे परंपरागत उदाहरण मोठे मजेदार आहे. कोणी म्हणतो, या मुलाचे कांबळे 'नव' आहे. त्याला म्हणायचे असते की कांबळे नवे आहे. ऐकणारा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेतो आणि विचारतो, "नऊ कोठे आहेत? येथे तर एकच दिसते!" ही उघडउघड कोटी आहे. ती ऐकून त्या काळीही लोक हसले असतीलच. पण शास्त्रकार सांगतात की हा वाद नव्हे, छल आहे. कारण बोलणाऱ्याचा अर्थ ठाऊक असूनही ऐकणाऱ्याने तो बाजूला सारला.

वादात पराभव कोणत्या ठिकाणी होतो त्याची बावीस स्थानेही तेथे दिली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे 'अर्थान्तर', अर्थात चालू विषय सोडून भलतेच बोलू लागणे. या शास्त्रात विषयांतर हा नुसता शिष्टाचाराचा भंग नव्हे. ज्याने विषय सोडला, तो हरला. आजच्या सभांना हा नियम लावला तर किती वक्ते विजयी ठरतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

हे सारे पंडितांपुरतेच होते असेही नाही. कलगी-तुऱ्याचे फड महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. एका बाजूने भेदिक रचनेतून कोडे घालावे, दुसऱ्या बाजूने ते उकलावे आणि मग आपले कोडे घालावे, ही त्याची रीत. टोमणे असत, चिमटे असत, हशा तर असेच. पण सवाल अध्यात्माचा असेल आणि जवाबात नुसतीच चेष्टा असेल, तर ती समोर बसलेल्या शेतकऱ्याच्याही ध्यानात येई. सवालाला जवाब मिळाला की नाही, हे तो विसरत नसे.

पैठणीच्या गावातले शब्द

आता येवल्याच्याच मागावर एक उदाहरण घेऊ. पैठणी म्हणजे मराठी संस्कृतीचे महावस्त्र. तिचे नाव पैठणचे. तिचा काठ, तिचा पदर, ती विणणारा माग, त्यावर इकडून तिकडे धावणारा धोटा, हे शब्द आपल्या मातीतले. पण रेशीम, जरी, नक्षी, कारागीर हे शब्द अरबी-फार्सीच्या वाटेने आलेले. म्हणजे एका पैठणीच्या अंगावर दोन्ही वाटांचे शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत.

समजा, अशा गावात चर्चा निघाली की मराठीतून परके शब्द काढावेत की ठेवावेत. एक जण म्हणाला, "काढा की! पण पहिल्यांदा पैठणीतली जरी काढा आणि मग नेसणारीला विचारा." सारे हसतील. हा विनोद विषयावर आहे. परका शब्द आता वस्त्रात इतका विणला गेला आहे की तो उसवताना वस्त्रच विटेल, असा युक्तिवाद त्या हशाच्या पोटात आहे. त्यावर दुसऱ्याने म्हणावे, "जरी कोठूनही आली तरी वस्त्राला नाव पैठणचेच राहिले ना? मग नवे वस्त्र विणताना नावही आपलेच ठेवा." पुन्हा हशा, आणि पुन्हा युक्तिवाद. जुने शब्द राहू द्यावेत, पण नव्या वस्तूला नाव देताना आपल्या भाषेला पहिली संधी द्यावी, असे तो सांगतो आहे. दोन विनोदांत चर्चा दोन पावले पुढे गेली.

आता तिसरा उठतो आणि म्हणतो, "जरी काढली तर मागे काय उरेल? तरी!" या कोटीवर हशा सर्वांत मोठा होईल. कोणी मिसळीच्या तरीची आठवण काढील, कोणी चांगली मिसळ कोठे मिळते ते सांगेल आणि सभा तेथेच संपेल. न्यायशास्त्रातल्या नऊ कांबळ्यांची ही येवल्याची आवृत्ती. यात कोणाचे मन दुखावले नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे. पण हसून झाल्यावर कोणी तरी विषयाकडे परतायला हवे.

आणि चौथा उठून म्हणतो, "शुद्धीच्या गोष्टी करणाऱ्याला कधी पैठणी घ्यायला परवडली आहे का?" येथेही काही जण हसतील. पण हा विनोद शब्द सोडून माणसाच्या खिशात शिरला. ज्याच्यावर तो झाला, तो पुढच्या वेळी सभेला येणार नाही. चारही वाक्यांना हशा सारखाच असला, तरी चौघांची जातकुळी अगदी वेगळी आहे.

भाषाशुद्धीचा वाद

मराठीत हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. दहा वर्गांत विभागलेल्या या कोशात राज्यकारभारातील सुमारे १४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पुढे विसाव्या शतकात नाशिक जिल्ह्यातल्याच भगूरचे सुपुत्र स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. आपल्या भाषेत शब्द असताना परका शब्द वापरू नये, हे तिचे सूत्र. जी वस्तूच परकी, तिचे नाव तसेच घ्यायला हरकत नाही, हा अपवादही त्यांनी मान्य केला होता.

या चळवळीची थट्टा भरपूर झाली. नेकटायला 'कंठलंगोट' म्हणावे, सिग्नलला 'अग्निरथगमनागमनसूचक' अशा शब्दाने सुरू होणारी लांबच लांब आगगाडी जोडावी, असे शब्द थट्टेखोरांनी रचले आणि ते घरोघर पोहोचले. आजही भाषाशुद्धीचे नाव निघाले की हेच दोन शब्द पहिल्यांदा आठवतात. वास्तविक ही चळवळ ज्या शब्दांसाठी ओळखली जावी, ते शब्द आहेत दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा, दिग्दर्शक. तीन-चार अक्षरांचे, तोंडात सहज बसणारे. जो शब्द प्रतिपक्षाने कधी सुचवलाच नाही तो त्याच्या तोंडी घालायचा आणि त्याला हसायचे, हा छलाचाच प्रकार झाला.

तरीही न्यायाने बोलायचे तर त्या थट्टेत एक खरा मुद्दा दडलेला होता. शब्द लांब असेल, जिभेला जड असेल, तर तो कितीही स्वकीय असला तरी लोक घेणार नाहीत. हा निकष लोकांनी पुढे बिनबोभाट लावला. 'दिनांक' राहिला. 'कायद्या'साठी सावरकरांनी पुरस्कारलेला 'निर्बंध' मात्र त्या अर्थाने रुजला नाही. तो आज बंधन या अर्थाने वापरला जातो. कागद, जमीन, हवा, बाजार हे शब्दही मराठीच्या घरातून हलले नाहीत. दोन्ही पक्षांचे थोडे थोडे खरे ठरले. थट्टा करणाऱ्यांनी हा निकष सरळ वाक्यात मांडला असता, तर चळवळीलाही त्याचा उपयोग झाला असता.

या वादातील सर्वांत मोलाची घटना हशाची नाही. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फार्सीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. त्यांच्या आरंभीच्या कवितेत फार्सी शब्दांची रेलचेल. भाषाशुद्धीला त्यांचा आधी विरोध होता. त्याच माधव जूलियनांनी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला आणि भाषाशुद्धीचा पक्ष घेतला. फार्सी न जाणणाऱ्याने फार्सी शब्द टाळणे सोपे आहे. ज्याने त्या भाषेचा कोश रचला, त्याने विचारान्ती मत बदलावे, यात वादाची खरी प्रतिष्ठा आहे. मते चिमट्यांनी बदलत नाहीत. वर्षानुवर्षे विषयाला धरून चाललेला विचारच हे काम करतो.

अत्रे कोणाला हसले?

विनोदाचा विषय निघाला आणि आचार्य अत्र्यांचे नाव आले नाही, असे मराठीत होणे नाही. नाशिकला १९४२ साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणून या जिल्ह्याशी त्यांचे नाते आहेच.

'केशवकुमार' या नावाने त्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह प्रसिद्ध केला. माधव जूलियन ज्या रविकिरण मंडळात होते, त्या मंडळाच्या काव्यरीतीची त्यात मनसोक्त थट्टा आहे. पण विडंबन ही गोष्ट सोपी नसते. ज्याची टर उडवायची त्याचे वृत्त, त्याची शब्दकळा, त्याच्या लकबी सारे आधी आत्मसात करावे लागते. चांगले विडंबन म्हणजे एका परीने बारकाईने केलेले वाचनच. म्हणून ते विषयाला सोडून जात नाही.

पुढे महाराष्ट्र राज्य झाले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली शासकीय पदांच्या मराठी नावांचा 'पदनाम कोश' निघाला. अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. एका अक्षराचा हा फटका इतका नेमका बसला की तो कायमचा लक्षात राहिला. ही कोटी पुस्तकावर होती, माणसावर नव्हती. एवढ्यापुरती ती मर्यादेत होती. परंतु तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. कोटी सर्वांना आठवते. त्या कोशातील कोणता शब्द वाईट होता आणि का, हे सहसा कोणाला आठवत नाही. उलट सचिव, संचालक, आयुक्त ही नावे आज कोणाला परकी वाटत नाहीत. कोटीने कोशाला हसे मिळवून दिले, पण कोशाचे परीक्षण केले नाही. थोरांचा विनोदही विषयाची जागा घेऊ शकत नाही, तो विषयाच्या शेजारीच शोभतो.

आणि आता याच अत्र्यांची तिसरी गोष्ट. जळगाव जिल्ह्यातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही. बोली खानदेशची, लेवा पाटीदार समाजाची. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. पुस्तकाला प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. पुण्यामुंबईच्या प्रमाण भाषेहून या गाण्यांतील उच्चार वेगळे, रूपे वेगळी. हसण्यासाठी निमित्त शोधणाऱ्याला तेथे ओळीओळीत निमित्त मिळाले असते. ज्या माणसाने पंडित कवींची भंबेरी उडवली आणि शासनाचा कोश हशात बुडवला, तो या निरक्षर शेतकरी स्त्रीच्या बोलीपुढे आदराने उभा राहिला आणि हे अस्सल सोने आहे अशी ग्वाही त्याने महाराष्ट्राला दिली.

अत्रे कोणाला हसले आणि कोणाला हसले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांच्या हाती विद्या होती, अधिकार होता, त्यांच्या कृत्रिमतेला ते हसले. ज्यांच्याजवळ केवळ आपली बोली होती, तिला ते हसले नाहीत.

जिव्हारी लागणारे हसू

कारण भाषेवरचा विनोद फार लवकर माणसाच्या जिव्हारी लागतो. घर, वस्त्र, पैसा या बाहेरच्या गोष्टी झाल्या. बोली माणसाला आईकडून मिळालेली असते. तिला हसणे म्हणजे त्याच्या आईला हसणे होय. शाळेत एखादा मुलगा 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणतो आणि सारा वर्ग खिदळतो. त्या मुलाचा उच्चार सुधारतो की नाही सांगता येत नाही. त्याचे बोलणे मात्र बंद होते. पुढे तो सभेत उठत नाही, मुलाखतीत अडखळतो, आणि आपल्याला काही सांगायचे होते हेही कालांतराने विसरतो. एका 'न'च्या बदल्यात समाजाने एक माणूस गमावलेला असतो.

येथेही विषयाला धरून राहिले तर किती वेगळे घडते पाहा. मूळ संस्कृत शब्द 'पानीय', त्यात 'न' आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि तेथून मराठीत 'पाणी' आले. म्हणजे आज शुद्ध मानला जाणारा 'ण' हाही एके काळचा बदलच. हे सांगून शिक्षकाने म्हणावे, "अरे, तू तर पंडितांच्या जवळ गेलास! पण लिहिताना मात्र आपण सगळे 'पाणी' लिहितो, तसेच लिही." वर्ग हसेल, तो मुलगाही हसेल, आणि प्रमाण लेखनही शिकेल. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी. ती सर्वांना जोडणारी आहे. पण ती अपमानाच्या वाटेने शिकवता येत नाही.

संत एकनाथांनी पैठणला हेच केले. संस्कृत तेवढी देवांची आणि प्राकृत हलकी, असे मानणाऱ्या विद्वानांना त्यांनी एकच मिश्किल प्रश्न विचारला: मग प्राकृताचा कर्ता कोण समजायचा? विद्वानांना शिवी नाही, संस्कृताचा उपमर्द नाही. पण प्रश्न असा की उत्तर देता येऊ नये. आणि भारुडांतून त्यांनी ज्यांची बोली वापरली, त्या लोकांनाच त्यांनी अध्यात्म सांगण्याचा मान दिला.

येवल्यात बोलताना आणखी एका गोष्टीचे स्मरण राखणे आवश्यक आहे. याच गावी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घोषणा केली की आपण हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकच्या काळाराम मंदिर प्रवेशासाठी १९३० पासून चाललेल्या सत्याग्रहाला समाजाने जो प्रतिसाद दिला, त्याची पार्श्वभूमी या घोषणेला होती. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बौद्ध धर्माचा स्वीकार करून त्यांनी आपला शब्द खरा केला. त्या घोषणेमागील अन्याय शब्दांपुरता नव्हता. तो पाण्याचा, मंदिराचा आणि माणूसपणाचा होता. पण तुच्छतेची सवय जिभेलाही असते. कोणाच्या बोलीला, आडनावाला, उच्चाराला हसणे ही त्याच सवयीची छोटी रूपे आहेत. समाज एकरस व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आपल्या घरातील आणि बैठकीतील हसू आधी तपासून पाहिले पाहिजे.

बैठकीतले पथ्य

मग व्यवहारात काय करावे? काही साधी पथ्ये पुरेशी आहेत.

चर्चेच्या आरंभी प्रश्न एका वाक्यात मांडावा आणि तो सर्वांना मान्य आहे ना, हे पाहावे. 'मोबाईलला भ्रमणध्वनी म्हणावे का' हा एक प्रश्न झाला. 'शासकीय पत्रात भ्रमणध्वनी लिहावे का' हा दुसरा. दोन्ही एकत्र केले की हशा होतो, निर्णय होत नाही.

विनोद सुचला तर तो मनात एकदा हसू वजा करून पाहावा. मागे काही युक्तिवाद उरत असेल, तर तो अवश्य बोलावा. काहीच उरत नसेल, तर तो चहाच्या वेळेसाठी राखून ठेवावा. चहाच्या वेळेलाही विनोदांची गरज असतेच.

शब्दाला हसावे, नियमाला हसावे, पुस्तकालाही हसावे. बोलणाऱ्याच्या जिभेला, गावाला, जातीला, गरिबीला हसू नये. आपल्यापेक्षा अधिक अधिकार असलेल्याचे ढोंग हा विनोदाचा उत्तम विषय आहे. आपल्यापेक्षा दुबळ्याची अडचण हा विनोदाचा विषयच नव्हे.

आणि हशा ओसरला की विषय पुन्हा हाती घेण्याचे काम कोणी तरी आपल्याकडे घ्यावे. "पुरे थट्टा" असे दरडावून ते होत नाही. "बरे, मग 'जरी'चे काय ठरले?" असे हसतमुखाने विचारले की पुरते. संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर जो पतंग उडवतो, त्याला हे सांगावे लागत नाही. ढील दिल्याशिवाय पतंग चढत नाही, आणि आसारी हातातून सुटली तर तो पतंग आपला राहत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा मान जुन्या ग्रंथांच्या बळावर मिळाला. तो टिकणार आहे तो आज मराठीत चालणाऱ्या बोलण्याच्या बळावर. महाभाष्यातील तो सारथी पंडितापुढे बोलू शकला, कारण त्याला बोलण्याची भीती वाटली नाही, आणि त्याचे बोलणे टिकले, कारण त्याने विषय सोडला नाही. येवल्याच्या मागावर बसणारा विणकर, बाजार समितीत कांदा आणणारा शेतकरी आणि महाविद्यालयातील प्राध्यापक हे तिघे एका शब्दावरून मोकळेपणाने वाद घालतील, मनमुराद हसतील आणि उठताना तिघेही पुन्हा भेटण्याचा वार ठरवतील, तेव्हा मराठीची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.